सोळा बाय सोळा

ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे झाले की प्रत्येक टॅबवरचं नाव आखडत आखडत शेवटी नाहीसं होतं आणि उरतं ते फक्त एवढंसं चित्र. बँकेचं निळं काहीतरी, वर्तमानपत्राचं लाल काहीतरी, रेल्वेचं गोल काहीतरी. या ‘काहीतरी’वर भिस्त ठेवून माणसं दिवसभर कामं करतात. त्या चित्राकडे कोणी कौतुकानं पाहिल्याचं मात्र ऐकिवात नाही. ते एखाद्या दिवशी बिलावर, स्मरणिकेत किंवा बॅनरवर छापायची वेळ येते, तेव्हा पहिल्यांदा त्याची चौकशी सुरू होते. मग ज्या माणसाला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा आसपासच्या लोकांना संशय असतो, त्याच्या दाराची बेल वाजते. फाईल आयसीओ असते आणि तक्रार एकच असते: उघडत नाही.

आयसीओ म्हणजे विंडोजच्या आयकॉनची फाईल. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली तेव्हा आयकॉन ३२ बाय ३२ ठिपक्यांचे होते आणि काळेपांढरे होते. पुढे रंग आले, मापं वाढली. पण फाईलीची आतली मांडणी १९९० च्या सुमारास, विंडोज ३.० च्या काळात जी बसली ती बसलीच. ती मांडणी एकदा सवडीनं वाचावी. इतकं निर्मळ करमणुकीचं वाचन हल्ली मिळत नाही.

पहिले दोन बाइट राखीव आहेत. पुढेमागे लागतील म्हणून कोणीतरी राखून ठेवले, ते अजून लागलेले नाहीत. त्यानंतरचा आकडा एक असेल तर फाईल आयकॉनची आणि दोन असेल तर माउसच्या बाणाची. मग आत चित्रं किती, तो आकडा. कारण एका आयसीओत १६, ३२, ४८, २५६ अशा वेगवेगळ्या मापांची बरीच भावंडं एकत्र राहू शकतात. प्रत्येकाची रुंदी लिहायला एकच बाइट मिळतो आणि एका बाइटात २५५ च्या वरचा आकडा मावत नाही. मग २५६ ठिपके रुंद चित्रानं काय लिहायचं? शून्य. म्हणजे घरातल्या सगळ्यात थोरल्या भावंडाची रुंदी शून्य, उंचीही शून्य. ही सोय ठरली त्या बैठकीत कोणाला हसू आलं असेल तर त्याची नोंद उपलब्ध नाही.

उंचीचं प्रकरण तर आणखी पुढचं आहे. जुन्या पद्धतीच्या आयसीओत रंगीत चित्राला जोडून त्याच मापाचा एक काळापांढरा साचा ठेवलेला असतो. कुठला ठिपका दाखवायचा आणि कुठून मागचं दिसू द्यायचं, हे तो साचा सांगतो. चित्र आणि साचा मिळून ऐवज दोघांचा झाला, म्हणून आतल्या मथळ्यात उंचीही दुप्पट लिहायची अशी रीत आहे. स्थळाच्या माहितीत मुलाची उंची दोन इंच वाढवून लिहिणारे आपण पाहिलेत. पण १६ उंचीच्या चित्रानं स्वतःची उंची थेट ३२ सांगायची, आणि तीही बाहेरच्या यादीत खरी १६ लिहून ठेवल्यावर, याला धाडस लागतं. शिवाय ओळी साठवायच्या त्या खालून वर. सगळ्यात शेवटची ओळ पहिली.

एवढा कारभार करून फाईल होते केवढी? १६ बाय १६ च्या पूर्ण रंगीत आयकॉनचा हिशेब असा: मथळ्याचे ६ बाइट, यादीचे १६, आतल्या मथळ्याचे ४०, रंगांचे १०२४ आणि साच्याचे ६४. बेरीज ११५०. रोज सकाळी ग्रुपवर येणारा शंभर शब्दांचा मराठी सुविचार याहून जास्त जागा खातो, कारण युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना तीन, मात्रा तीन. सुविचारात काय असतं ते आपण जाणतोच. आयकॉनमध्ये निदान चित्र असतं.

आणि चांगलं चित्र असू शकतं. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन चौकटीच्या वहीत एकेक चौकोन रंगवून बेतले. पुढे विंडोज ३.० साठीही त्यांनी आयकॉन काढले आणि त्यातल्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांचेच. त्या पत्त्यांवर आपल्या किती कार्यालयांनी किती दुपारी काढल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण हिशेब ठेवणारेच खेळत होते.

वेबसाइटला स्वतःचा आयकॉन मिळाला तो मार्च १९९९ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘फेव्हिकॉन.आयसीओ’ या नावाची फाईल ठेवायची. कोणी ते पान आपल्या आवडत्या पानांच्या यादीत टाकलं की ब्राउझर ती फाईल मागायला यायचा. साइटवाल्यांच्या लगेच लक्षात आलं की फाईल किती वेळा मागितली गेली ते मोजलं की आपलं पान किती जणांना आवडलं याचा अंदाज घेता येतो. नंतरचे ब्राउझर मात्र आवडीनिवडीच्या भानगडीत न पडता जातील तिथे ती फाईल मागू लागले. नसली तरी मागतात, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘४०४, सापडली नाही’ अशा ओळींचा ढीग लागतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या साइटवर मात्र ती सापडली. किंबहुना तेवढीच सापडली. सोसायटीचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता, प्रवेशद्वारावर वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स लावायचं ठरलं होतं आणि त्यावर लोगो हवा होता. लोगो एका सभासदाच्या भाच्यानं इंजिनिअरिंगला असताना काढला होता. भाचा आता न्यू जर्सीत. त्यानं त्याच्या रात्री, म्हणजे आमच्या सकाळी, फोनवर सांगितलं की मूळ फाईल जुन्या लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप आईनं मोडीत काढून त्यावर कढई घेतली. साइटवरचे फोटो गेलेले, सूचनाफलक रिकामा, संपर्काचं पान बंद. पण टॅबवर ते हिरवं चित्र शाबूत होतं. सेक्रेटरी ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन आले. ११५० बाइट. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर.

“लोगोत नक्की काय आहे?” मी विचारलं.

“वटवृक्ष,” सेक्रेटरी म्हणाले.

“तुळशी वृंदावन आहे ते,” खजिनदार म्हणाले. “मी तेव्हा कमिटीत होतो.”

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं आणि ढोबळी मिरचीसारखं दिसतंय असं मत दिलं. सोळा बाय सोळा म्हणजे एकूण २५६ ठिपके, त्यातले निम्मे मोकळे. उरलेल्या शंभर-सव्वाशे हिरव्या ठिपक्यांतून वड, तुळस आणि मिरची यांपैकी काहीही सिद्ध करता येतं.

खजिनदारांनी आधी स्वतःच एक उपाय करून पाहिला होता. फाईलीच्या नावातलं ‘आयसीओ’ खोडून तिथे ‘पीएनजी’ लिहायचं. यानं आत काहीच बदलत नाही. पण बरेचसे प्रोग्रॅम नावावर विश्वास न ठेवता फाईलीचे पहिले काही बाइट तपासून खरा प्रकार ओळखतात आणि नुसतं नाव बदललेली फाईलही मुकाट्यानं उघडून दाखवतात. त्यामुळे हा उपाय अधूनमधून यशस्वी होतो आणि खजिनदारांसारख्या माणसांचा आत्मविश्वास वाढत राहतो.

मी म्हटलं, विंडोजमधल्या पेंटमध्ये उघडा आणि पीएनजी म्हणून सेव्ह करा. पेंटला आयसीओ उघडता येतं. जुन्या पेंटमध्ये चित्राचा पारदर्शक भाग जातो, एवढंच. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. “पेंट? त्यात तर माझी नात घर आणि डोंगर काढते.” रौप्यमहोत्सवी कामाला नातीचं साधन चालणार नव्हतं. “आपण ऑनलाइन करू. पद्धतशीर.”

पद्धतशीर म्हणजे काय ते सर्च केल्यावर कळतं. ‘आयसीओ टू पीएनजी’ या एका वाक्यावर केवढी बाजारपेठ उभी आहे! साइट उघडली की आधी कुकीजची परवानगी. मग साइटला तुम्हाला नोटिफिकेशन पाठवायची असतात; कशाबद्दल पाठवणार, देव जाणे. आयकॉनच्या जगात रोज असं काय घडतं? पानाच्या मध्यावर ‘डाउनलोड’ असं लिहिलेलं मोठं हिरवं बटण. ते आपल्या फाईलीचं नसतं. त्याखाली दुसरं, निळं. तेही नसतं. आपलं बटण पानाच्या तळाशी, करड्या अक्षरांत, दबून असतं. आपण फाईल चढवली की एक पट्टी भरू लागते. चाळीस टक्के. साठ टक्के. ‘कृपया थांबा, तुमच्या फाईलीवर प्रक्रिया सुरू आहे.’ ११५० बाइटांवर! झालं की पाच चांदण्या पुढे येतात आणि आपला अनुभव कसा होता ते विचारलं जातं.

ही पट्टी नेहमीच खरी असते असं नाही, आणि तिच्यावाचून लोकांना चैन पडत नाही हेही तितकंच खरं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११ साली यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आहे. प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या साइटनं आपण काय काय धुंडाळतोय ते दाखवत वेळ घेतला, तर लोकांना ती तत्काळ उत्तर देणाऱ्या साइटपेक्षाही जास्त पसंत पडू शकते, असं त्यांना दिसलं. त्यासाठी हार्वर्डची गरज होती का, हा वेगळा प्रश्न. आमच्याकडे गॅसची शेगडी दुरुस्त करणारा माणूस दोन मिनिटांत काम उरकून पैसे मागतो तेव्हा होणारी घासाघीस त्यांनी पाहिली असती तर निबंध आणखी लवकर झाला असता.

खजिनदारांची शंका मात्र वेगळी होती. “आपला लोगो त्या लोकांच्या सर्व्हरवर जातो. उद्या त्यांनी वापरला तर?” प्रश्न रास्त होता. विचारणारे गृहस्थ मात्र तेच, ज्यांनी मागच्याच महिन्यात स्वतःचं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि पेन्शनचे कागद एका अनोळखी साइटवर चढवले होते, पीडीएफचा आकार कमी करायला. तिथे ‘फाईल एका तासात पुसली जाईल’ असं लिहिलं होतं आणि त्यांनी ते वाचून समाधान मानलं होतं. वटवृक्षाच्या किंवा मिरचीच्या बाबतीत ते अधिक सावध होते.

मग मी दुसरी साइट उघडली. काही साइट अशा असतात की फाईल कुठेही पाठवत नाहीत; सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये होतं. यात जादू नाही. टॅबवर ते चित्र दिसतंय याचाच अर्थ ब्राउझरनं आयसीओ केव्हाच उलगडलेली आहे, दुप्पट उंची आणि शून्य रुंदीसकट. तो हे दिवसभर करत असतो. आता फक्त उलगडलेलं चित्र त्याच्याकडून दुसऱ्या आवरणात मागून घ्यायचं. त्यासाठी ‘कॅनव्हस’ आहे. ॲपलनं २००४ मध्ये आपल्या मॅकच्या डॅशबोर्डसाठी तो काढला आणि नंतर सगळ्याच ब्राउझरांनी घेतला. फाईल वाचा, चित्र कॅनव्हसवर ठेवा, पीएनजी मागा: जावास्क्रिप्टच्या दहा-पंधरा ओळी. आयसीओत अनेक मापं असतील तर ब्राउझर आपल्या मनानं एक उचलतो, बहुधा सगळ्यात मोठं. सगळीच हवी असतील तर फाईल स्वतः फोडून वाचणारं थोडं मोठं पान लागतं. कॅनव्हसचा एक स्वभाव मला फार आवडतो. त्याला जमत नसलेला फॉरमॅट मागितला तर तो नाही म्हणत नाही, चूक दाखवत नाही. निमूटपणे पीएनजी देतो.

“पण फाईल जात नाही कशावरून?” खजिनदार.

“वायफाय बंद करा,” मी म्हटलं.

खोलीत शांतता पसरली. ‘ऑनलाइन’ काम वायफाय बंद करून करायचं हे कोणाला पटेना. शेवटी सेक्रेटरींनी उठून, मेन स्विच पाडावा तशा गंभीरपणे, राउटरचं बटण दाबलं. पान आधीच उघडलेलं होतं. मी फाईल त्यावर सोडली. सोडली तिथेच पीएनजी तयार. पट्टी नाही, टक्के नाहीत, चांदण्या नाहीत.

“झालं?” अध्यक्ष म्हणाले. “एवढ्यात?” आणि थोडं थांबून, “परत एकदा करून बघा. घाईत काही राहिलं असेल.”

मी परत केलं. वायफाय चालू करून त्यांच्यासाठी तिसऱ्यांदाही केलं, तेव्हा कुठे ते नेटवरून झाल्यासारखं वाटलं.

पीएनजीच का, हेही सांगावं लागलं. १९९४ च्या डिसेंबरात युनिसिसनं जीआयएफमधल्या दाबणीच्या पद्धतीवरच्या पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी नवा फॉरमॅट जुळवायला घेतला. थॉमस बाउटेल यांनी १९९५ च्या जानेवारीत त्याचा पहिला आराखडा मांडला आणि १९९६ च्या ऑक्टोबरात वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं त्यावर शिक्का मारला. भांडणातून उभी राहिलेली गोष्ट इतक्या वेगानं पूर्ण झाल्याचं ऐकून कमिटी थोडी अस्वस्थ झाली. पीएनजी एकही ठिपका गमावत नाही आणि पारदर्शक भाग पारदर्शक ठेवते. जेपीजी फोटोंसाठी बनलेली. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडून त्यातलं डोळ्याला फारसं कळणार नाही ते टाकून देते. आमचा अख्खा लोगो असल्या चार तुकड्यांचा. त्यातून टाकायला होतं काय?

लोगो मोठा करायचा प्रश्न राहिलाच होता. फ्लेक्सवर तो चार फूट हवा होता. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, भागिले सोळा: एकेक ठिपका तीन इंच बाय तीन इंच. अध्यक्षांच्या मुलीनं एआयनं मोठं करून देणाऱ्या एका साइटवर तो घातला. एआयला वटवृक्षाची परंपरा ठाऊक नसावी. त्यानं अत्यंत रेखीव, टवटवीत, दवबिंदूंसकट ब्रोकोली काढून दिली. ती सगळ्यांनी थोडा वेळ पाहिली आणि कोणी काही बोललं नाही. कॅनव्हसमध्ये चित्र मोठं करताना कडा गुळगुळीत करायचं बंद करता येतं. तसं केलं की प्रत्येक ठिपका स्वच्छ चौकोनच राहतो, फिसकटत नाही. मी तशी मोठी पीएनजी करून दिली. “हे चौकोन चौकोन दिसतात,” सेक्रेटरी म्हणाले. खजिनदारांनी दहा पावलं मागे जाऊन बघितलं. “लांबून बरं दिसतं. फ्लेक्स लांबूनच बघतात.” यात चुकीचं काहीच नव्हतं. सुझन केअरसुद्धा आणखी वेगळं काही बोलल्या नसत्या.

नारायण पेठेतल्या फ्लेक्सवाल्याला पीएनजी गेली. त्याचा निरोप आला: “दादा, सीडीआर असेल तर द्या. नसेल तर जेपीजी टाका, व्हॉट्सॲपवर.” सीडीआर म्हणजे कोरल ड्रॉची फाईल. छपाईच्या धंद्यात तिच्यावाचून पान हलत नाही आणि ती कोणाकडेच नसते. मी बाहेर होतो. खजिनदारांनी आता सगळं शिकून घेतलं होतं, तेव्हा तेच पान उघडून त्यांनी जेपीजीचं बटण दाबलं.

जेपीजीत पारदर्शकता नसते. मग मोकळ्या जागेचं काय करायचं? कॅनव्हसच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: अशा वेळी चित्र काळ्यावर बसवायचं. पांढऱ्यावर नाही, काळ्यावर. त्याप्रमाणे एका घट्ट काळ्या चौकोनात हिरवे ठिपके असा लोगो तयार झाला आणि तो फ्लेक्सवाल्याबरोबर सोसायटीच्या ग्रुपवरही गेला. मी फोन बघेपर्यंत त्यावर सतरा अंगठे आले होते.

“काळ्यावर उठून दिसतो,” अध्यक्षांनी लिहिलं होतं. “आधी असा भारदस्तपणा नव्हता.” बी विंगमधल्या एका काकूंनी मंगल कार्याला काळा रंग कसा चालेल असं विचारलं, त्यावर कोणीतरी विठ्ठलाचा फोटो टाकला आणि चर्चा तिथेच संपली. रविवारच्या सभेत रीतसर ठराव आला: सोसायटीचा लोगो यापुढे काळ्या पार्श्वभूमीसह कायम करण्यात यावा. सूचक खजिनदार, अनुमोदक अध्यक्ष.

मी उठून सांगितलं की हा काळा रंग कोणी निवडलेला नाही. जेपीजीत मोकळी जागा ठेवता येत नाही म्हणून ब्राउझरनं नियमाप्रमाणे तो भरला आहे, आणि पीएनजीत तो नाही.

“बरोबर आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “पण ते इतिवृत्तात नको.” ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि सभा लिफ्टच्या विषयाकडे वळली.